बायडाबाईंच्या घरचा नाताळ

"भाऊ, तुमास्नी कांजिण्या झाल्यात का?"

चोवीस डिसेंबरच्या सकाळी, मी गालाला दाढीचा साबण लावून दार उघडलं, तेव्हा बायडाबाईंनी मला हा प्रश्न विचारला. सकाळच्या वेळी शेजारी पेपर आला का विचारतात, पाणी आलं का विचारतात. मी म्हणालो, "अजून तरी नाही. का? वाटताय का?"

बायडाबाई हसल्या नाहीत. "आत्ता न्हाई हो. ल्हानपणी?"

"लहानपणी झाल्या होत्या. चौथीत असताना."

"आन् वैनीस्नी?"

"मलाही झाल्यात हो!" माझ्या बायकोनं, कुसुमनं, स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं.

"मग उद्या दुपारच्याला दोघंबी आमच्याकडं या. नाताळाचे खेळ हायेत." एवढं सांगून त्या जिन्याकडे वळल्या आणि वरच्या मजल्यावर बेल वाजवून तोच प्रश्न विचारू लागल्या. गालावरचा साबण वाळेपर्यंत मी दारातच उभा होतो.

आम्ही मूळचे नारायण पेठेतले. जागा अपुरी पडते म्हणून मुलाने धायरीत फ्लॅट घेऊन दिला, मग तो बंगळुरूला गेला, आणि जागा पुरायला लागली तेव्हा तिथे आम्ही दोघंच उरलो. पेठेतले नातेवाईक आम्हाला भेटायला येताना अजूनही पाण्याची बाटली आणि स्वेटर घेऊन येतात. आमची इमारत बायडाबाईंच्या रानात उभी आहे. तिचं नाव 'आमराई'. आंब्याचं झाड आता औषधालाही नाही, पण बिल्डरलोक जे तोडतात त्याचं नाव तरी ठेवतात, हेही नसे थोडके. रानाच्या बदल्यात बायडाबाईंना तळमजल्यावर राहायला जागा मिळाली. मुलगा विक्रम, त्याचं बांधकामाच्या सामानाचं दुकान. सून अपेक्षा, ती हिंजवडीला कंपनीत जाते. आणि नात सृष्टी, वय वर्षं पाच.

बायडाबाई सत्तरीच्या आसपासच्या. नऊवारी, पायात रबरी चपला आणि आवाज शिवारातला, म्हणजे इकडून हाक मारली तर पलीकडच्या बांधावर पोचणारा. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं पार्किंगमध्ये भांडण लागलंय. गॅलरीतून वाकून बघितलं तर बाई कासोटा घट्ट करून लंगडी घालत होत्या, आणि इमारतीतली झाडून सगळी पोरं त्यांच्या पुढे किंचाळत पळत होती.

हा त्यांचा रोजचा संध्याकाळचा उद्योग. आज्या मुलांना खेळायला खाली सोडतात आणि बाकावर बसून गुडघे चोळतात. बायडाबाई स्वतः राज्य घेतात. शिवाय खेळात लबाडी त्यांना अजिबात खपत नाही. मुलं लहान आहेत म्हणून मुद्दाम हरायचं, गोड बोलून एखादा डाव परत द्यायचा, असलं काही नाही. स्वतःच्या नातीला बाद देताना तर त्यांचा आवाज जरा जास्तच खणखणीत लागतो. एकदा लंगडी घालताना त्यांचा पाय टेकला. कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी आपणहून हात वर केला, "माझा पाय टेकला रं पोरांनो," म्हणाल्या आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. सोसायटीच्या कमिटीत मी पाच माणसांबरोबर बसतो. त्यांच्यापैकी एकाचाही पाय आजवर टेकलेला नाही. मी बायडाबाईंना मानायला लागलो तो त्या संध्याकाळपासून.

तर या वर्षी नाताळची पार्टी आपल्या घरी करायची, असा सृष्टीनं दिवाळीपासून लकडा लावला होता. तिच्या इंग्रजी शाळेत नाताळ जोरात असतो. अपेक्षानं मोबाईलवर बघून बघून घरात खेळायचे खेळ ठरवले. कागदी पेले आणले, कापसाचे गोळे वळून बर्फ तयार केला, कपाटाच्या दारावर भलामोठा सांताक्लॉज रंगवला. इमारतीतल्या सगळ्या मुलांना बोलावणी गेली. आणि नाताळ तोंडावर आलेला असताना सृष्टीच्या पोटावर पुरळ उठलं. दुसऱ्या दिवशी ते पाठीवर होतं आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. डॉक्टरांनी कांजिण्या म्हणून सांगितलं.

लगेच गावठाणातून मुक्ताई आल्या. या बायडाबाईंच्या थोरल्या जाऊ. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि भावकीत कुणी काय करायचं नाही हे सांगण्याचं खातं त्यांच्याकडे. "बाया आल्यात," म्हणजे कांजिण्यांच्या रूपानं देवी घरी पाहुण्या आल्यात, असं म्हणत त्यांनी दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला, घरात फोडणी बंद केली आणि त्या घरी गेल्या. दाराला लिंब लागला की बाहेरच्या माणसानं आत यायचं नाही, हे धायरी गावात कुणाला सांगावं लागत नाही. वरच्या मजल्यांना व्हॉट्सॲपवर कळवावं लागलं. पार्टी रद्द झाली.

एवढ्यावर भागलं असतं तर पोर रडून गप्प बसली असती. पण तिची जिवलग मैत्रीण स्वराली, दुसऱ्या मजल्यावरची, तिच्यासाठी चित्र काढून घेऊन खाली आली. सृष्टी दाराशी आली. तेवढ्यात जिन्यावरून स्वरालीची आई ओरडली, "स्वरा, मागे हो! बघितलंस ना तिच्या तोंडावर काय झालंय!" बाई वाईट नाही, घाबरली होती. पण ते वाक्य सृष्टीनं ऐकलं. ती आत गेली, विक्रमची पहाटे फिरायला जायची माकडटोपी काढली, डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढली आणि त्यानंतर ती टोपी काढेचना.

जेवताना टोपी, झोपताना टोपी. नुसते दोन डोळे दिसायचे. आत लोकर टोचत होती, घाम येत होता, पोर टोपीवरूनच कराकरा खाजवत होती. औषध लावायला कुणी हात पुढे केला की पलंगाखाली जायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फोड चिघळतील आणि चेहऱ्यावर जन्माचे वण राहतील. विक्रमनं एकदा धरून टोपी ओढायला बघितली, तर तिनं असा टाहो फोडला की त्यालाच रडू आलं. ती टोपी निघणं, एवढी एकच गोष्ट त्या घराला हवी होती.

"वढून न्हाई काढायची," बायडाबाई म्हणाल्या. "ती आपल्या हातानं काढंल. खेळाय लागली की काढंल." पण खेळायला पोरं तर येऊ शकत नव्हती. मग बाईंनी विचार केला की ज्यांना एकदा कांजिण्या होऊन गेल्यात त्यांना कसली भीती? आणि इमारतीतली मोठी माणसं त्यांनी पोरं म्हणून गोळा केली.

पंचवीस तारखेला दुपारी आम्ही गेलो. जाताना मी कुसुमला म्हणालो, "सदुसष्टाव्या वर्षी मला पार्टीचं पहिलं आमंत्रण आलं, तेही कांजिण्यांच्या जोरावर." ती म्हणाली, "अहो, तिथे जाऊन तरी जरा गोड बोला." आमच्याखेरीज तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारा दिग्विजय आला होता. हा जिममध्ये शिकवतो, दारातून आडवा आत येतो. गेल्या वर्षी त्याला कांजिण्या झाल्या तेव्हा रोजची मऊ खिचडी बायडाबाईंनीच पोचवली होती. आणि मुक्ताई आल्या होत्या, त्या हे सगळं थांबवायला.

"घरात बाया आल्यात आन् तू धिंगाणा घालतीस?" मुक्ताई कडाडल्या. "त्यास्नी शांत लागतं. कोप हुईल."

"आक्का, त्या पाहुण्या म्हणून आल्यात ना?" बायडाबाई म्हणाल्या. "मग पाहुणीसमोर घरातलं लेकरू टोपी घालून रडत बसलेलं चांगलं, का खेळलेलं? अंड्याचा केक न्हाई, रव्याचा हाय. फोडणी न्हाई दिलेली. बसा, तुमालाबी कांजिण्या झाल्यात, मला ठावं हाय." मुक्ताईंनी खुर्ची ओढली. त्या बसल्या.

खेळ अपेक्षानं मोबाईलवरून घेतलेले होते, पण बायडाबाईंनी ते पारखून घेतले होते. हात मोकळा राहिला की तो खाजवायला जाणार, म्हणून ज्यात दोन्ही हात गुंततील तेवढेच ठेवायचे. बाकीचे त्यांनी सुनेकडून रद्द करून घेतले. मला हे फार आवडलं. आजारी मुलाला रमवायचं म्हणून आपण खेळणी आणून टाकतो. या बाईनं आधी त्या मुलाच्या हातांचा विचार केला.

सृष्टी आतल्या खोलीत होती. पडद्याच्या फटीतून दोन डोळे तेवढे दिसत होते. बायडाबाईंनी तिला बोलावलं नाही, तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी आमचे खेळ सुरू केले.

पहिला खेळ कागदी पेल्यांचा मनोरा रचायचा. दिग्विजयचा मनोरा त्याच्याच श्वासानं पडला. दुसरा खेळ दोन्ही हातांत चमचे, प्रत्येक चमच्यात कापसाचा एकेक गोळा, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फ न सांडता पळायचं. माझे गुडघे बघून बायडाबाईंनी मला कच्चं लिंबू केलं. म्हणजे खेळायचं, पण बाद व्हायचं नाही. इतकी वर्षं विमा कंपनीत घासली, पण एवढी सवलत मला कुणी दिली नव्हती. मी कुसुमचं ऐकायचं ठरवून तोंड मिटून पळालो आणि दोन्ही गोळे सोफ्याखाली घालवले.

मुक्ताई आधी "मला न्हाई जमायचं" म्हणत होत्या. एकदा चमचे हातात आल्यावर मात्र त्या पदर खोचून अशा निघाल्या की दिग्विजय मागे पडला. आणि पडद्याआडून आवाज आला, "चीटिंग! मोठ्या आजीनं अंगठा लावलाय!"

सगळे थांबले. मुक्ताईंनी अंगठा चटकन मागे घेतला. सृष्टी पडदा सारून बाहेर आली होती, हनुवटीपर्यंत टोपी, हात कमरेवर. "आजी, मोठी आजी आउट."

"आउट," बायडाबाईंनी निकाल दिला. "आन् पंच म्हणून तू हितंच थांब आता."

पंच कसला थांबतो! पुढच्याच खेळाला पोर खेळाडू झाली. विक्रमचा लांब लोकरी मोजा, त्यात बायडाबाईंनी काहीबाही भरलेलं, दोन्ही हात आत घालून न बघता ओळखायचं. सृष्टीनं लसूण ओळखला, खोबऱ्याची वाटी ओळखली. दिग्विजयनं हात घातला आणि "पाल! पाल आहे!" करत एवढा मोठा गडी खुर्चीवर चढला. निघालं कारलं. सृष्टी हसून हसून जमिनीवर लोळली. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, असं अपेक्षा कुसुमच्या कानात म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, लपवण्यात अर्थ नाही.

पण टोपी तशीच होती. आतून घामाचे थेंब मानेवर येत होते.

बायडाबाईंचं घड्याळाकडे लक्ष होतं. पाच वाजता इमारतीतली मुलं हॉलच्या खिडकीबाहेर कुंपणाशी येऊन उभी राहणार होती, लांबूनच सृष्टीला बघायला. हेही त्यांनीच घरोघर जाऊन ठरवलं होतं. सृष्टीला ते सांगितलं तेव्हा ती हसायची थांबली. "मी नाही येणार खिडकीत," ती म्हणाली. "ते माझ्या तोंडाकडे बघतील."

"बरं, नको येऊस," बायडाबाई म्हणाल्या. "अजून एक खेळ राह्यलाय, तेवढा खेळू."

कपाटावरच्या सांताक्लॉजला नाक नव्हतं. डोळे बांधून, जागच्या जागी फिरवून सोडायचं, आणि त्याला नाक लावायचं. नाक म्हणजे अपेक्षाच्या पाकिटातली मोठी लाल टिकली. मी ती सांताच्या बुटाला लावली आणि म्हणालो, "मी कच्चं लिंबू आहे. परत लावतो."

"बाद न्हाई तुमी. पण परत न्हाई लावायची," बायडाबाई म्हणाल्या. "लागलं तिथं लागलं."

मुक्ताईंनी त्याच्या दाढीला लावली, कुसुमनं पोटाला. बायडाबाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी डोळे बांधती. मला राहू द्या." कुणी आग्रह केला नाही. त्यांच्या नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचं कपाळ मोकळं आहे, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वाण भरून ताटं सुनेच्या हातात देतात आणि आपण आत थांबतात. खेळातलीसुद्धा टिकली त्या हातात घेत नव्हत्या, हे मोठ्या माणसांना बरोबर कळलं होतं.

सृष्टीच्या टोपीवरून कुसुमचा स्कार्फ बांधला. बायडाबाईंनी तिला फिरवलं आणि सोडलं. पोर हात पुढे करून निघाली ती उलट्याच दिशेला. आम्ही हसत होतो. बायडाबाई तिला अडवायला तिच्या पुढ्यात खाली बसल्या, ती टीपॉयवर आपटू नये म्हणून. सृष्टीच्या हाताला चेहरा लागला. तिनं बोटांनी चाचपून बघितलं, "सापडलं!" म्हणून ओरडली आणि टिकली दाबून लावली, बायडाबाईंच्या कपाळावर.

हसणं बंद झालं. "अगं बया!" म्हणत मुक्ताई उठल्या आणि टिकली काढायला धावल्या. सृष्टीनं स्कार्फ खाली ओढला. "काय झालं? मी काय केलं?"

बायडाबाईंनी जावेचा हात मधेच धरला. "तू काय न्हाई केलंस," त्या नातीला म्हणाल्या. "आक्का, राहू द्या. लागलं तिथं लागलं."

"आगं, खेळ हाय त्यो!"

"म्हणूनच. पोरांस्नी एक सांगायचं आन् आपल्यावर आलं की दुसरं, आसं न्हाई मला जमत."

त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण शब्द तेच होते. मुक्ताईंनी हात सोडवून घेतला. मी बायडाबाईंकडे बघितलं आणि मान खाली घातली, कारण एवढ्या सरळ माणसाकडे बघायला आपलीही काही लायकी लागते.

त्याच वेळी बाहेर मुलांचा गलका झाला. "सृष्टी! सृष्टी! मेरी ख्रिसमस!" पाच वाजले होते. मुलांबरोबर त्यांच्या आया होत्या, आणि रस्त्याकडेला गावठाणातल्या भावकीच्या दोघी-तिघी बायका काय चाललंय बघायला थांबल्या होत्या. बायडाबाई उठून खिडकीकडे निघाल्या. पडद्यापर्यंत गेल्या, त्या बायका दिसल्या आणि त्या मागे फिरून खुर्चीत बसल्या. हात कपाळापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. टिकली काढणं त्यांच्यानं होईना आणि ती लावून बाहेर तोंड दाखवणंही होईना. बिल्डरशी, टँकरवाल्याशी, आमच्या कमिटीशी भांडणारी बाई, पण तिला घाबरलेलं मी त्या दिवशीच बघितलं.

"आजी, जा ना. ते बोलावतायत," सृष्टी म्हणाली.

"न्हाई गं जमत," बायडाबाई म्हणाल्या. हे त्या नातीला खेळवायला म्हणत नव्हत्या. त्यांना खरंच जमत नव्हतं. "लोकं माझ्या तोंडाकडं बघतील."

सृष्टी आजीकडे बघत उभी राहिली. ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. मग तिनं दोन्ही हातांनी माकडटोपी धरली, वर ओढली, कानापाशी अडकली तशी जोर लावून काढली आणि आजीच्या पुढे धरली. "हे घाल. ह्याच्यातून कोणाला काही दिसत नाही."

कपाळावर, गालांवर, नाकाच्या शेंड्यावर लाल फोड, घामानं चिकटलेले केस. अपेक्षा पुढे व्हायला निघाली, कुसुमनं तिला धरून ठेवलं. पोरीला आपलं तोंड उघडं आहे हे आठवतच नव्हतं. तिला आजीची काळजी होती.

बायडाबाईंनी टोपी हातात घेतली, ती घामानं ओली झालेली होती. त्यांनी ती मांडीवर ठेवली, पदरानं नातीचा गळा पुसला आणि तिचा चेहरा बराच वेळ बघून घेतला. "मला नको," त्या म्हणाल्या. "पण मला एकटीला भ्या वाटतं. तू येतीस का संगं?"

सृष्टीनं त्यांचं बोट धरलं. दोघी खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही मागे होतो. बाहेरचा गलका एकदम कमी झाला. मुलं सृष्टीकडे बघत होती आणि बायका बायडाबाईंकडे.

"दुखतं का गं?" कुंपणाशी उभ्या असलेल्या स्वरालीनं विचारलं.

"नाही. खाजतं," सृष्टी म्हणाली. मग सगळ्या बायका कुठे बघतायत हे तिच्या लक्षात आलं. तिनं आजीचा हात ओढून तिला पुढे घेतलं, गजांच्या अगदी जवळ.

"ती मी लावली," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "डोळे बांधून लावली, तरी बरोबर मधोमध लागली."